त्या बिनलेबलाच्या डबीबद्दल

छोटे,

आधी त्या पांढऱ्या डबीचं बोलू. शालू, बांगड्या, मेंदी हे सगळं नंतर. व्हिडिओ कॉलवर तू चेहरा इकडून तिकडून वळवून दाखवलास, "ताई, बघ ना, आठवडाभरात किती फरक पडला" म्हणालीस, आणि मागून आईचा आवाज आला, "पार्लरवालीची क्रीम लय गुणाची आहे हो!" माझ्यासमोर मेडिकलच्या काउंटरवर गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही. आता दुकान बंद केलंय. निवांत वाच, आणि वाचून झाल्यावर आईलाही वाचून दाखव.

तुला त्या एका आठवड्याचा आनंद झाला. मला भीती वाटली ती त्याच आठवड्याची. आपल्या कातडीचा रंग मेलॅनिन नावाच्या द्रव्यामुळे असतो. वरच्या थराच्या अगदी तळाशी ते तयार होतं, पेशींमध्ये भरलं जातं, आणि त्या पेशी हळूहळू वर सरकत पृष्ठभागावर येतात. तळापासून वरपर्यंत यायला त्यांना साधारण चार आठवडे लागतात. साध्या मॉइश्चरायझरनं चेहरा लगेच तुकतुकीत दिसतो हे खरं, पण रंगाची छटा बदलत नाही. सात-आठ दिवसांत छटाच बदलली असेल, तर त्या डबीत काहीतरी जबरदस्त जोराचं घातलेलं आहे. काय घातलंय ते डबीवर लिहिलेलं नाही. बनवणाऱ्याचं नाव नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नाही, तारीख नाही. कॉलवर मी तुला डबी उलटी करायला लावली ती त्यासाठीच. खाली नुसतं पांढरं प्लास्टिक होतं.

अशा क्रीमचं काय होऊ शकतं हे शोधायला लांब जायला नको. आपल्या अकोल्यातलीच गोष्ट आहे. विशीतली एक कॉलेजात शिकणारी मुलगी, तिची आई आणि तिची बहीण, तिघी एकच क्रीम लावत होत्या, ब्युटीशियनकडून घेतलेली. 2022 मध्ये तिघींच्याही मूत्रपिंडांना त्रास सुरू झाला. डॉक्टरी भाषेत ग्लोमेरुलोनेफ्रायटिस, म्हणजे मूत्रपिंडातल्या गाळणाऱ्या बारीक केशवाहिन्यांच्या जाळ्याला सूज. एकाच घरातल्या तिघींना एकाच वेळी हा आजार का व्हावा, हे डॉक्टरांना कोडंच पडलं होतं. शेवटी मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या क्रीमची तपासणी झाली आणि त्यात पारा सापडला. चेहऱ्याच्या क्रीममध्ये नकळत मिसळलेला पारा फार तर 1 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत एक भाग, चालतो. त्या क्रीममध्ये तो हजारांच्या घरात होता. 2023 च्या जानेवारीत पेपरांत हे आलं. आमच्या दुकानात त्या आठवड्यात बायका एकमेकींना विचारत होत्या, "तुझी क्रीम कोणती गं?" महिनाभरात सगळं विसरलं गेलं.

पारा गोरं करतो कसा, ते नीट समजून घे. मेलॅनिन बनवायला शरीर टायरोसिनेज नावाचं एक विकर वापरतं. त्या विकराला काम करायला तांबं लागतं. पारा तिथं घुसतो, तांब्याची जागा बळकावतो आणि विकर बंद पडतं. मेलॅनिन बनणं थांबतं, रंग उतरतो. म्हणजे पार्लरवाली "गुण येतो" म्हणते ते खोटं नाही. गुण येतोच. पण पारा चेहऱ्यावर थांबत नाही.

आपल्याला वाटतं, वरून लावलं ते वरच राहतं. तसं असतं तर हृदयविकारासाठी छातीवर चिकटवायच्या नायट्रोग्लिसरीनच्या पट्ट्यांचा काहीच उपयोग झाला नसता. कर्करोगाच्या वेदनेवरही अशाच औषधी पट्ट्या चिकटवतात, आणि त्यातलं औषध कातडीतून रक्तात जाऊन मेंदूपर्यंत पोहोचतं. उलट एका बाबतीत कातडीची वाट जास्त थेट आहे. गोळी गिळली की आतड्यातून शोषलं गेलेलं औषध आधी यकृतात जातं, आणि बऱ्याच औषधांचा मोठा भाग तिथंच मोडला जातो. कातडीतून शिरलेल्या औषधाला यकृताचा हा पहिला नाका लागतच नाही.

त्यातही चेहऱ्याची कातडी फार पातळ. 1967 साली फेल्डमन आणि मायबाक या शास्त्रज्ञांनी हायड्रोकॉर्टिसोन नावाचं औषध शरीराच्या वेगवेगळ्या जागी लावून किती आत जातं ते मोजलं होतं. हाताच्या पुढच्या भागातून जितकं गेलं, त्याच्या सहापट कपाळातून गेलं आणि जबड्याच्या कडेतून तेरापट. आता तुझ्या पार्लरचा क्रम आठव. आधी ब्लीच, मग खसाखसा स्क्रब, मग वाफ, आणि शेवटी ती क्रीम. वरचा थर खरवडलेला, कातडी ओली आणि गरम, अशा वेळी लावलेलं कोणतंही द्रव्य एरवीपेक्षा जास्त आत जातं. वर आपल्याकडचा उन्हाळा आणि घाम आहेच.

रक्तात गेलेल्या पाऱ्याला प्रथिनांमधल्या गंधकाची ओढ असते. तो त्यांना चिकटून फिरतो आणि सगळ्यात जास्त साठतो मूत्रपिंडांत. आज लावलेल्यातला काही भाग पुढचा महिना-दोन महिने अंगात मुक्कामाला असतो, आणि तू तर रोज रात्री नवी भर घालतेस. तो मज्जातंतूंनाही सोडत नाही. हाताला बारीक कंप, झोप न लागणं, उगाच चिडचिड, विसराळूपणा, ही सगळी त्याची लक्षणं. लग्नाच्या धावपळीत यांतलं काही झालं तर कोणाच्या लक्षात तरी येईल का, सांग. पुढं दिवस राहिले तर वारेतून तो बाळापर्यंतही जातो. हे आईला मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखव.

आणखी एक आहे, जे मला स्वतःला सगळ्यात जास्त खटकतं. ही क्रीम लावणाऱ्यापुरती राहत नाही. 2010 मध्ये अमेरिकेत, कॅलिफोर्निया आणि व्हर्जिनियात, मेक्सिकोहून आलेल्या अशा क्रीमची चौकशी झाली, तेव्हा ज्यांनी ती कधी लावलीच नव्हती अशा घरच्या माणसांच्याही अंगात पारा निघाला. टॉवेल, उशीचा अभ्रा, बोटं, आणि पाऱ्याची हवेत उडणारी वाफ, यांतून तो पसरतो. दादाची लेक तुझ्याच कुशीत झोपते ना गं? तुझ्या गालाला गाल लावून झोपते ती.

मूत्रपिंडाचं थोडं सविस्तर सांगते, कारण हे माहीत असलं की लक्षण लवकर ओळखता येतं. दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. त्यातलं जवळजवळ सगळं परत रक्तात घेतलं जातं आणि जेमतेम दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर पडतं. हे गाळणाऱ्या चाळण्या प्रत्येक मूत्रपिंडात दहा लाखांच्या आसपास आहेत. चाळणी धड असेल तर पाणी आणि टाकाऊ क्षार खाली जातात, आणि अल्ब्युमिन नावाचं प्रथिन वरच राहतं. पाऱ्यामुळे काही जणांच्या शरीरात अशी प्रतिक्रिया सुरू होते की स्वतःचीच प्रतिपिंडं जाऊन त्या चाळणीत साचतात. चाळणीचा पडदा बिघडतो आणि अल्ब्युमिन लघवीतून गळायला लागतं. अल्ब्युमिनचं एक काम म्हणजे पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवणं. ते कमी झालं की पाणी बाहेर झिरपतं आणि अंगावर सूज येते.

म्हणून सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली फुगवटा, संध्याकाळी घोट्यावर बोट दाबलं तर पडणारा आणि लवकर न भरणारा खळगा, आणि लघवीला साबणासारखा फेस, जो पाणी टाकलं तरी चटकन जात नाही, या तीन गोष्टींकडे लक्ष ठेव. दुखत काहीच नाही. म्हणूनच माणूस फसतो. आपल्या पातूरच्या रेणुकामातेची टेकडी चढताना दम लागला तर आपण म्हणतो, उपवास चाललेत, अशक्तपणा आला असेल. डोळे सुजले तर म्हणतो, जागरण झालं.

केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कल इथल्या डॉक्टरांनी हाच धागा नीट पकडला. 2021 ते 2023 या काळात त्यांच्याकडे चाळणीचा पडदा बिघडण्याचे, म्हणजे मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीचे, 22 रुग्ण आले. त्यांतल्या 15 जणांत एक खास खूण सापडली, नेल-1 (NELL-1) नावाच्या प्रथिनाची, जी एरवी क्वचितच दिसते. या 15 पैकी 13 जणांनी गोरं होण्याची क्रीम वापरल्याचं सांगितलं. तुझ्या धीरासाठी सांगते, क्रीम बंद केल्यावर त्यांतले बहुतेक सुधारले. वेळेत थांबलं तर मूत्रपिंड सावरतं. म्हणून तर आजच्या आज लिहितेय.

आता दुसरी शक्यता. डबीत पारा नसेलही. कदाचित पार्लरवालीनं दोन-तीन ट्यूब पिळून, वर थोडं सुवासिक कोल्ड क्रीम घालून घरीच घोटलेलं असेल. हा प्रकार मी इकडून, काउंटरच्या आतून बघते. परवाच एक मुलगी आली. कॉलेजची बॅग पाठीवर, चेहऱ्यावर ओढणी घट्ट गुंडाळलेली. पर्समधून तिनं संपलेली ट्यूब काढली, शेपटाकडून इतकी गुंडाळत आणलेली की नावाचं शेवटचं अक्षर तेवढं दिसत होतं. "हीच द्या." मी ट्यूब उलगडली आणि तिला बारीक अक्षरं वाचून दाखवली: हायड्रोक्विनोन 2 टक्के, ट्रेटिनॉइन 0.025 टक्के, मोमेटासोन 0.1 टक्के. कडेला लाल पट्टी. "किती दिवस लावतेस?" तर म्हणाली, "दिवाळीपासून." ओढणी बाजूला केली तेव्हा दोन्ही गालांवर लालभडक जाळं होतं, केसासारख्या बारीक शिरांचं, आणि हनुवटीवर दाट लव. "बंद केली की आग होते ताई, म्हणून लावावीच लागते."

या तीन औषधांची मोट 1975 मध्ये अमेरिकेतल्या अल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यानं बांधली. त्यांच्या मूळ मिश्रणात स्टिरॉइड वेगळं होतं, पण कल्पना हीच. वांगावर, डॉक्टरच्या नजरेखाली, काही आठवडे लावायचं ते औषध आहे. आपल्याकडे ते मुलींच्या ड्रेसिंग टेबलावर पावडरच्या शेजारी जाऊन बसलं.

त्यातलं स्टिरॉइड काय करतं बघ. मूत्रपिंडांच्या वर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या रोज कॉर्टिसॉल बनवतात. स्टिरॉइडची औषधं त्याचीच भावंडं. ती पेशीच्या आत शिरतात, केंद्रकापर्यंत जातात आणि सूज आणणारे हुकूमच बंद करतात. खाज थांबते, लाली जाते, पुरळ बसतं. इसब आणि सोरायसिसच्या माणसांना या औषधांनी जो आराम दिलाय, तो मी रोज डोळ्यांनी बघते. 1952 मध्ये हायड्रोकॉर्टिसोनचं मलम आलं तेव्हापासून त्वचारोगांचे उपचारच पालटले. पण स्टिरॉइड कातडीतल्या रक्तवाहिन्याही आवळतं, आणि त्यामुळे कातडी पांढुरकी दिसते. मलमातल्या स्टिरॉइडचा जोर मोजायची एक जुनी पद्धतच अशी आहे की हातावर लावायचं आणि कातडी किती पांढरी पडते ते बघायचं. पहिल्या आठवड्यातलं उजळणं ते हेच, बरं का.

मग पुढच्या महिन्यांत त्याची दुसरी बाजू दिसू लागते. कोलॅजन बनणं मंदावतं, कातडी कागदासारखी पातळ होते, आतल्या शिरा दिसायला लागतात. पुटकुळ्या येतात, लव वाढते. डोळ्यांच्या आसपास रोज लावलं तर डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. सोडायला गेलं की आवळलेल्या रक्तवाहिन्या एकदम फुलतात, चेहरा लाल होतो आणि जळतो, आणि मुलगी घाबरून परत ट्यूबकडे वळते. आपल्या देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांना असे चेहरे इतके बघावे लागले की त्यांनी या अवस्थेला स्वतंत्र नाव दिलं आणि सरकारकडे पाठपुरावा केला. मार्च 2018 मध्ये केंद्र सरकारनं अशा 14 स्टिरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी. मी त्या मुलीला ट्यूब दिली नाही. आमच्या लायनीतल्या कोणी दिलीही असेल. हे मला लिहायलाही जड जातं, पण माझ्याच धंद्यातली माणसं चिठ्ठी न बघता या ट्यूबा देतात आणि "चेहऱ्यासाठी चांगली आहे" असंही वर सांगतात.

हायड्रोक्विनोनचंही एक सांगते. तेही मेलॅनिन अडवतं, आणि ठरलेल्या मुदतीत ठीक असतं. महिनोन् महिने लावत राहिलं तर काहींच्या गालांवर निळसर-काळे डाग पडतात, आणि ते जाता जात नाहीत. गोरं व्हायला लावलेल्या औषधानं पडलेला काळा डाग. ट्रेटिनॉइननं कातडी सोलते आणि उन्हाला हळवी होते. आपल्या मे महिन्यात, 45 अंशांच्या उन्हात, तू घरोघरी पत्रिका वाटत फिरणार. त्यातून दिवस राहायच्या बेतात असलेल्या बाईनं ते लावूच नये.

जाता जाता दादालाही सांग. सोयाबीनच्या दिवसांत त्याला जांघेत गजकर्ण होतं, आणि तो बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि क्लोबेटासोल असं तिन्ही एकत्र असलेलं मलम लावतो. क्लोबेटासोल हे सगळ्यात जोरकस स्टिरॉइडांपैकी एक. ते खाज दाबतं आणि बुरशीला रान मोकळं करून देतं. म्हणून त्याचं गजकर्ण दर पावसाळ्यात जास्त पसरून परत येतं. साधी बुरशीची औषधं न जुमानणारं गजकर्ण गेल्या काही वर्षांत देशभर फोफावलंय, त्याला ही मलमंही कारण आहेत.

आता रंगाचं. मुलाकडचे बघायला आले तेव्हा त्यांच्या मावशीनं आईला बाजूला घेऊन "पोरगी थोडी सावळीच आहे" म्हटलं, ते मला कळलंय. आईनं बायोडाटात "निमगोरी" लिहिलं, तेही मी पाहिलंय. आईवर रागवू नको. तिच्या लग्नात तिलाही हेच ऐकावं लागलं होतं, आणि त्या वेळी तिच्या बाजूनं बोलायला कोणी नव्हतं. तुझ्या बाजूनं मी आहे. त्या मावशींशी मी स्वतः बोलणार आहे, आणि नवरदेवाशीही. तो शिकलेला, समजदार मुलगा वाटला मला. त्याला हे सगळं सांग. त्यानं ऐकून घेतलं तर पुढं बरं जाईल. नाही ऐकून घेतलं, तर तेही लग्नाआधी कळलेलं बरं.

आणि आता काय करायचं ते. डबीतली क्रीम आज रात्रीपासून बंद. पाऱ्याची असेल तर हळूहळू कमी करायचा प्रश्नच नाही. स्टिरॉइडची असेल तर तू लावून फार दिवस झाले नाहीत, त्यामुळे थोडी लाली आणि आग झालीच तर गार पाण्याची घडी ठेव आणि साधं पांढरं व्हॅसलिन लाव. लिंबू, टूथपेस्ट, बेकिंग सोडा असलं काही लावू नको. पार्लरमधल्या दुसऱ्या मुली फार दिवसांपासून लावत असतील, तर त्यांनी मात्र त्वचारोगतज्ज्ञाला दाखवूनच थांबायचं. आणि कोणी स्टिरॉइडच्या गोळ्या घेत असेल तर त्या मनानं एकदम कधीच बंद करायच्या नाहीत. त्यांनी अंगातलं कॉर्टिसॉल बनणं मंदावलेलं असतं, आणि अचानक थांबवलं तर जिवावर बेतू शकतं.

उशीचे अभ्रे आणि चेहऱ्याचा टॉवेल वेगळा काढून ठेव, बाळाला त्यावर झोपवू नको. डबी कचऱ्यात टाकू नको, मोरीत धुऊ नको, चुलीत तर मुळीच नको. पारा तापला की वाफ होऊन सगळ्यांच्या छातीत जाईल. झाकण घट्ट लाव, दोन पिशव्यांत बांध आणि बाळाचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी ठेव. ती डॉक्टरांना दाखवायची आहे, आणि अन्न व औषध प्रशासनाच्या अकोल्याच्या कार्यालयात तक्रारही करायची आहे. पार्लरवालीला आधी मी फोन करीन. ती वाईट बाई नाही. तिलाही कोणीतरी ती किलोच्या भावानं विकली असेल, आणि तिच्या स्वतःच्या चेहऱ्यालाही तीच लागत असेल.

सोमवारी अकोल्याला ये, सर्वोपचार रुग्णालयात जाऊ. लघवीतलं अल्ब्युमिन, रक्तातलं क्रिएटिनिन आणि ब्लड प्रेशर एवढं बघून घेऊ. पाऱ्याची तपासणी लागली तर डॉक्टर सांगतील ती कुठं करायची. आईलाही घेऊन ये, कारण तीही तुझ्याच डबीतली लावत असणार, मला माहितीये. केसपेपर सकाळीच काढावा लागतो, म्हणून पातूरहून पहिलीच गाडी पकडा. उपाशी यायची गरज नाही, या तपासण्यांना खाऊन आलेलं चालतं. मी फाटकाजवळ उभी असेन.

तुझी ताई